हलीमाबीच्या नावापुढचा शब्द

हलीमाबी रागीट होती, हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. नळावर कुणी नंबर मोडला तर ती शिवी न देता त्या बाईची घागर उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायची. रॉकेलच्या दुकानात माप अर्धवट भरलं तर डबा तसाच पुढं धरून उभी राहायची. मागची रांग ओरडू लागली तरी हलायची नाही. ती रागावली की काही ना काही सरळ होई, म्हणून बायका तिला मुद्दाम पुढं करायच्या. घरात ती आणि तिचा नवरा अब्दुल गनी हिंदी-उर्दू बोलत, पण भांडण निघालं की ती वऱ्हाडीवर यायची, मग गनीही. बारा वर्षं जिनात बायकांसोबत काम करून रागाची भाषा तीच झाली होती.

ही जिन, म्हणजे कापसाचा कारखाना, यवतमाळच्या बाहेर रस्त्याला लागून होती. गनी तिथं फिटर होता. रेचे म्हणजे सरकी काढायची यंत्रं, त्यांचे रोलर, पट्टे, पंप, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. हलीमाबी दसऱ्यापासून होळीपर्यंत कवडी वेचायला जायची. कापसात पिवळी पडलेली, किडकी बोंडं असतात, ती कवडी. ती आणि पालापाचोळा हातानं काढला की मग कापूस रेच्यावर चढतो, सरकी खाली पडते, रुई पुढं जाते आणि शेवटी लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ बाहेर येते. एकेक गाठ दीड-पावणेदोन क्विंटलची. हमाल त्या गाठी आवारात एकावर एक रचत. त्याला थप्पी म्हणत.

दोन हजार पाचचा तो हिवाळा. सरकारी खरेदी उशिरा सुरू झाली, खासगी व्यापाऱ्यांनी भाव पाडला, आणि जिनच्या फाटकापासून पार वळणापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे. शेतकरी गाडीखाली चूल मांडून दोन-दोन दिवस थांबायचे आणि शेवटी मिळेल त्या भावाला कापूस टाकून जायचे. मालक मात्र गाठी विकत नव्हता. भाव आज वर, उद्या खाली होता. तो एकदाचा चढेपर्यंत माल दाबून ठेवायचा असं त्यानं ठरवलं होतं. गोदाम भरलं, मग शेड भरली, मग आवारात मागच्या बाजूला उघड्यावर थप्पी लागली. दरवर्षी पाच-सहा गाठींच्या उंचीवर थांबणारी थप्पी त्या वर्षी नऊवर गेली.

त्या थप्पीच्या एका कोपऱ्याखालून पाण्याच्या टाकीचा पाइप जात होता आणि तो गळत होता. खाली काळी माती. काळी माती ओली झाली की फुगते आणि मग खचते, हे त्या भागात लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

बायका दुपारी त्याच बाजूला उन्हात जेवायला बसत. थप्पीच्या शेजारी लाइटचा एक खांब होता. हलीमाबीला आधी वाटलं, खांबच वाकला. मग तिनं हात लावून पाहिलं. थप्पी आणि खांब यांच्यात एक वीत जागा होती. चार दिवसांनी तिथं चारच बोटं मावली.

ती तशीच मुनीमाकडं गेली.

"मुनीमजी, मांगची थप्पी झुकून राह्यली."

मुनीम वहीतून वर न पाहता म्हणाला, "थप्पी हमालायनं लावली बाई. तुमचं काम कवडीचं."

"खांबापासून एक वीत होती. आता चार बोटं उरली."

"मंग बोटं मोजायचा पगार देऊ काय तुमाले?"

आतले दोघं-तिघं हसले. हलीमाबी हसली नाही. दुसऱ्या वेळी गेली तेव्हा मुनीम म्हणाला, भाव चढला की गाठी जातीलच, तोवर तुम्ही दुसरीकडं बसून जेवा. तिनं बायकांना दुसरीकडं बसवलं. तिसऱ्या वेळी गेली तेव्हा दोन बोटं उरली होती, आणि मुनीमानं तिला आत येऊच दिलं नाही. दारातूनच हात हलवला.

लीलाबाई तिच्या जोडीला बसायची. बंजाऱ्याची बाई, जवळच्या तांड्यावरून पायी यायची, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि काम करता करता गोरबोलीत गुणगुणायची सवय. आपल्या डब्यातली ज्वारीची भाकर ती रोज अर्धी मोडून हलीमाबीला द्यायची आणि तिच्या डब्यातलं आंबट वरण मागून घ्यायची. बारा वर्षांत त्यांनी एकमेकींचं घर दोन-तीनदाच पाहिलं असेल, पण घरातलं एकमेकींना सगळं माहीत होतं.

डिसेंबरच्या एका मंगळवारी मालक यायचा होता म्हणून आवार झाडायला काढलं. थप्पीच्या मागं रुईचा कचरा साठला होता. मुनीमानं लीलाबाईला खराटा दिला.

हलीमाबीनं तिचा पदर धरला. "तिकडं जाऊ नको. सांगतलं ना तुले."

"मुनीम धाडून राह्यला भाबी. नाई कसं म्हनू?"

"मी म्हनतो त्याले."

"तुमी तीन खेपा म्हनलं. काय झालं? दोन हात मारून येतो मी."

ती गेली. हलीमाबी मुनीमाच्या खोलीकडं निघाली. ती अर्ध्या वाटेत असताना मागं आवाज झाला. तो आवाज फार मोठा नव्हता. रुईच्या गाठी पडतात तेव्हा दणका होत नाही, जमीन दबल्यासारखा धप्प आवाज येतो, एकामागून एक. ती वळली तेव्हा थप्पीचा तो कोपरा नव्हता आणि खांब आडवा झाला होता.

हमालांनी गाठी ओढल्या. गनीही धावत आला होता, त्यानं पहार घातली. लीलाबाई बाहेर निघाली तेव्हा तिचे डोळे उघडे होते. जीप शहरापर्यंत पोचायच्या आधीच ती गेली.

जीप फाटकाबाहेर पडली आणि हलीमाबीनं वजनाचं पाच किलोचं लोखंड उचललं. मुनीमाच्या खोलीला रस्त्याकडं काचेची मोठी खिडकी होती. ती काच तिनं फोडली. मग ती तिथंच उभी राहिली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीन खेपा सांगतलं होतं मी. तीन खेपा." एवढंच. तिला धरून बाहेर न्यावं लागलं.

कामगार कचेरीची चौकशी लागली. लीलाबाईचा नवरा देवसिंग गिट्टीच्या खदानीवर काम करायचा. कुणीतरी त्याला अर्ज लिहून दिला, त्यानं अंगठा लावला. साक्षीदार म्हणून त्यानं हलीमाबीचं नाव सांगितलं. तिनंही जाऊन जबानी दिली: वीत, चार बोटं, दोन बोटं, मुनीम काय म्हणाला, लीलाबाईला कुणी पाठवलं. लिहून घेणाऱ्या बाबूनं सगळं लिहिलं. हलीमाबीला वाटलं, झालं.

मार्चमध्ये देवसिंग तिच्या दारात आला. हातात पोस्टाचं पाकीट.

"भाबी, जिनवाल्यायचं उत्तर आलं. इंग्रजीत हाये. पोस्टमन म्हने, यात तुमचं नाव हाये."

हलीमाबी त्याला घेऊन समोरच्या गल्लीत कहकशांकडं गेली. कहकशां उर्दू शाळेत इंग्रजी शिकवायची. सव्वीस वर्षांची, शांत, नाकावर चष्मा. तिनं कागद एकदा मनात वाचला, आणि मग उगाच पुन्हा वाचू लागली.

"वाच ना," हलीमाबी म्हणाली.

"खाला, यात लिहिलं, थप्पी बरोबर होती. उंची बरोबर होती. बाईच्या स्वतःच्या गलतीनं अपघात झाला."

देवसिंग भिंतीला टेकला. हलीमाबी म्हणाली, "आनि माहं नाव?"

"लिहिलं की, जिनं जबानी दिली ती हलीमा..." कहकशांनं पेन्सिलीनं एका शब्दाखाली रेघ मारली. "अनस्टेबल आहे. म्हणून तिची जबानी धरू नये."

"थे काय असते?"

कहकशां उठली आणि शाळेतून आणलेला जाडजूड शब्दकोश घेऊन आली. तिला तो शब्द माहीत नव्हता असं नाही. तिला तो स्वतःच्या तोंडानं सांगायचा नव्हता.

"स्टेबल म्हणजे ठाम, जागचं न हलणारं. त्याच्या आधी अन लागला की उलटं. याचे बरेच मतलब आहेत, खाला. एक, जे नीट उभं नाही, केव्हाही पडेल. शिडी, टेबल, भिंत. दुसरा, जे सारखं बदलतं. भाव, हवा, सरकार. दवाखान्यात लिहितात तेव्हा, पेशंटची नाडी जाग्यावर नाही, आज आहे, उद्याचं सांगता येत नाही."

"आनि मानसाले लावला तर?"

"तर डोकं ठिकाणावर नाही."

हलीमाबीनं रेघ मारलेल्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ठाम नाई म्हनते मले?"

"हां."

"तीन खेपा सांगतलं. तिन्ही खेपा एकच सांगतलं. बाबूनं जबानी घेतली, तवाबी तेच सांगतलं. आनि मी ठाम नाई. भाव पाहून गाठी दाबून ठेवनारा थो मालक ठाम हाये?"

"खाला, हा लफ्ज असाच वापरतात," कहकशां चष्मा काढून म्हणाली. "शिडीला लावला तर मतलब होतो, शिडी नीट करा. माणसाला लावला तर मतलब होतो, त्याचं ऐकू नका."

"पर म्हनायले काही आधार पाहिजे ना त्याहिले. काच फोडली म्हनून?"

"काचेचंही आहे." कहकशांनं शेवटचा कागद काढला. "आणि हे. यात लिहिलं की सत्त्याण्णव साली तुम्हाला डोक्याच्या डॉक्टरची दवा चालू होती. खाली सही आहे."

सही उर्दूत होती. ती वाचायला हलीमाबीला कहकशांची गरज नव्हती. अब्दुल गनी. शेवटच्या अक्षराला त्याची नेहमीची लांब शेपटी.

सत्त्याण्णव साली तिचा मुलगा आसिम अकरा महिन्यांचा होऊन गेला. ताप छातीत उतरला, तीन दिवसांत संपला. त्यानंतर तिनं खाणं सोडलं, बोलणं सोडलं, दोन महिने ती एका कोपऱ्यात बसून होती. गनीनंच तिला शहरातल्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्या दिल्या, हळूहळू ती उठली, चूल पेटवली, पुढच्या दसऱ्याला पुन्हा जिनात गेली. त्या दोन महिन्यांबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी गनी कामावरून आला, हातपाय धुऊन बसला. तिनं कागद त्याच्यापुढं ठेवला.

"ही सही तुमची?"

त्यानं पाहिलं. "हो. मुनीम म्हने, अपघाताच्या दिवशी तू हजर होता, त्याची सही दे."

"आनि दवाचं?"

"त्यानं विचारलं, तुह्या बायकोले कधी डोक्याच्या डॉक्टरची दवा होती काय. होती तर होती. खोटं कसं बोलू?"

"काहून विचारून राह्यला, हे नाई आलं तुमच्या मनात?"

गनी कागदाची घडी घालू लागला.

"लेकरू मेलं होतं माहं," ती म्हणाली. "रडली मी. दोन महिने रडली. तुमचंबी होतं थे लेकरू. तुमी नाई रडले, तर तुमी ठाम. आनि मी येडी."

"मी येडी नाई म्हनलं."

"सही केली ना."

गनी साधा माणूस होता. मशीनचा आवाज ऐकून कुठला बेअरिंग गेला ते सांगायचा, पण माणूस काय विचारतो त्याच्या मागं काय आहे, हे त्याला कधी ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून हलीमाबीनं त्याच्याशी बोलणं बंद केलं. जेवण वाढायची, कपडे धुवायची, बोलायची नाही. कहकशांनं रेघ मारलेला तो कागद तिनं आरशामागं खोचला होता. दिवसातून दहा वेळा काढून पाहायची. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, पण तो शब्द तिला पाठ झाला, चेहरा पाठ व्हावा तसा. आधी एक सरळ वाटी. मग तीच वाटी पालथी. मग वेटोळं घातलेला साप. मग वर आडवी काडी लागलेला खांब. एक गोल. मग पोट आलेली काठी, नुसती काठी, आणि शेवटी अर्धं मिटलेलं तोंड. ती त्या शब्दाकडं बघायची आणि तिचा राग पुन्हा ताजा व्हायचा.

तीन आठवडे असे गेले. एका शुक्रवारी गनी नमाजाहून आल्यावर ओसरीत बसून पंपाचा गॅस्केट कापत होता. एका कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं पेन्सिलीनं गोल आखला होता आणि त्यावरून रबर कापणं चाललं होतं. काम झाल्यावर त्यानं कागद झटकला आणि तो उलटा पडला. हलीमाबी समोर तांदूळ निवडत होती. तिची नजर सहज त्यावर गेली आणि तिथंच थांबली.

सरळ वाटी, पालथी वाटी, साप.

ती उठली. तांदळाचं सूप तसंच राहिलं. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"हा कागद कायचा?"

गनी दचकला. "विम्यावाल्याचा. दिवाळीच्या आधी विम्याचा मानूस जिन पाह्यले आला होता. त्यानं काय काय दुरुस्त करा थे लिहून देलं. चार नंबरले आगीचा पंप हाये, थो माहा. म्हनून मुनीमानं मले त्याची झेरॉक्स देली."

"यात थो शब्द हाये."

"कोनता?"

तिनं आरशामागचा कागद आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. गनीनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. तो मशीनचा माणूस होता, दोन भाग सारखे आहेत की नाहीत एवढं त्याला कळत होतं.

कहकशांनं दारात उभ्यानंच वाचलं. सहा नंबरचा मुद्दा होता. मागच्या आवारातली थप्पी ओल्या जमिनीवर आहे, अनस्टेबल आहे, तिची उंची ताबडतोब कमी करावी. खाली तारीख होती, ऑक्टोबरची. मुनीमाची सही होती, मिळाल्याची. म्हणजे थप्पी तेव्हाच नीट उभी नव्हती, हे मुनीमाला हलीमाबीनं सांगायच्या दीड महिना आधीपासून कागदावर माहीत होतं, आणि तरी तिच्यावर पुढं तीन थर चढले.

घरी आल्यावर गनी म्हणाला, "हा कागद देला, तर कोनी देला थे त्याहिले लगेच समजन. झेरॉक्स माह्याजवळच होती."

"मंग?"

"नोकरी जाईन."

हलीमाबी त्याच्याकडं पाहत राहिली. जोरानं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हळू म्हणाली, "वाचता येत नव्हतं तवा सही केली तुमी. आता वाचून झालं. आता करा, काय करायचं थे."

सकाळी गनीनं स्वतःच कागद देवसिंगच्या हातात नेऊन दिला.

एप्रिलच्या उन्हात सुनावणी होती. कचेरीत पंखा होता, पण तो साहेबांच्या डोक्यावर. एका बाजूला मुनीम आणि जिनचा वकील, दुसऱ्या बाजूला देवसिंग, हलीमाबी आणि शाळेची सुट्टी टाकून आलेली कहकशां. येताना वाटेत कहकशांनं तिला दहादा बजावलं होतं: खाला, आवाज चढवू नका, त्यांना तेच पाहिजे.

वकिलानं विचारलं, "बाई, तुम्ही काच फोडली की नाही?"

"फोडली."

"का?"

"बाई मेली म्हनून."

"तुम्हाला पूर्वी मानसिक आजार होता की नाही?"

"लेकरू मेलं होतं."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"तुमी मले एवढंच विचारून राह्यले," हलीमाबीचा आवाज चढला, "थप्पी कशी होती, थे एकानंबी नाई विचारलं. बाराशे खेपा मी त्या आवारात चाल्ली असन. मले विचारा ना, थप्पी कशी होती."

वकील साहेबांकडं वळून किंचित हसला. "पाहा साहेब. आमचं म्हणणं हेच आहे."

कहकशांनं तिचा हात दाबला. हलीमाबीनं तो सोडवून घेतला.

"रागावली तर म्हनता डोकं फिरलं. चूप बसली असती तर म्हनले असते, खोटी हाये, बोलाले काही नाई तिच्याजवळ. मंग बोलू कशी? तुमीच सांगा साहेब, कोन्या आवाजात बोललं तर खरं धरता तुमी?"

साहेब थकलेला, बऱ्या स्वभावाचा माणूस होता. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "बसा बाई. पाणी घ्या."

"पानी नको. हा कागद घ्या."

साहेबांनी विम्याचा कागद वाचला. सहाव्या मुद्द्याशी ते थांबले आणि त्यांनी जिनच्या उत्तराचं पान उलटून बाजूला ठेवलं. मग मुनीमाला विचारलं, ही सही तुमची? मुनीम म्हणाला, अशा पन्नास कागदांवर रोज सह्या होतात साहेब, सगळे कुठं वाचणार. मुनीमाला इंग्रजी येत होतं.

हलीमाबी म्हणाली, "विम्यावाल्यानं थप्पीले अनस्टेबल लिहिलं. मी तेच म्हनत होती वऱ्हाडीत. माहं म्हननं खरं, मंग थो शब्द मले कसा लागला? खोडा थो."

साहेब म्हणाले, "बाई, ते त्यांचं उत्तर आहे. दुसऱ्यानं दिलेल्या कागदात मी खाडाखोड करू शकत नाही. तुमची जबानी मी धरली, असं समजा."

"समजा नाई. लिहा."

"निकालात येईल," ते म्हणाले आणि पुढची फाईल ओढली.

निकाल यायला दोन वर्षं लागली. तोवर गनीची नोकरी गेली होती. सुनावणीच्या दुसऱ्या आठवड्यातच फाटकावरच्या माणसानं त्याला आत सोडलं नाही. त्यानं घराच्या ओसरीवर पंप आणि फवारणीची यंत्रं दुरुस्त करायचं काम सुरू केलं. हलीमाबी त्याच्याशी बोलायला लागली होती, कामापुरतं, मग थोडं जास्त. पण त्यानं कुठलाही कागद घरी आणला की ती तो आधी हातातून काढून घ्यायची, आणि गनी लगेच देऊन टाकायचा. त्या एका गोष्टीत तिनं त्याला माफ केलं नाही.

सुनावणीनंतरच्या दसऱ्याला ती कामाला निघाली. जुन्या जिनात जायचा प्रश्न नव्हता, ती दुसऱ्या जिनच्या फाटकावर गेली. तिथल्या माणसानं नाव विचारलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, जागा नाही. तिच्यामागं उभ्या असलेल्या आठ बायका एकेक करून आत गेल्या. त्यांत मानीबाई होती, जिच्यासाठी हलीमाबीनं एकदा अख्खा दिवस हजेरीवरून भांडण केलं होतं. मानीबाई खाली पाहत गेली. तिसऱ्या जिनातही जागा नव्हती. हलीमाबी घरी आली आणि जवळच्या एका शेतात सोयाबीन कापायला जाऊ लागली.

निकालाचा कागद घेऊन देवसिंग आला तेव्हा कहकशांच्या घरी पुन्हा तेच तिघं बसले. चूक जिनची ठरली होती. थप्पी धोकादायक होती, हे माहीत असून लीलाबाईला तिथं पाठवलं, असं स्पष्ट लिहिलं होतं. देवसिंगला भरपाई मिळणार होती. तो तोंडावर पंचा धरून बसला.

"माहं काय लिहिलं?" हलीमाबीनं विचारलं.

कहकशांनं पानं उलटली. विम्याच्या कागदाच्या आधारे, असं होतं. साक्षीदाराचं नाव कुठंही नव्हतं.

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत. नव्हतं.

"म्हंजे माहं खरं होतं म्हनून नाई," हलीमाबी म्हणाली, "विम्यावाल्याचं खरं होतं म्हनून."

"खाला, निकाल आपल्या बाजूनं लागला."

"लीलाबाईच्या बाजूनं लागला. लागाले पाहिजेच होता. माह्या नावापुढं थो शब्द तसाच हाये ना त्या फायलीत? उद्या मी मेली, तरी तिथं तसाच राहीन. कोनी उघडून पाह्यलं, तर येडी होती म्हनन."

त्याच महिन्यात तिनं कहकशांकडून त्या कचेरीला पहिलं पत्र लिहवून घेतलं. अमुक तारखेच्या उत्तरात माझ्याबद्दल लिहिलेला शब्द खोटा ठरला आहे, तो फायलीतून काढावा, किंवा तो खोटा आहे असं लिहून शेजारी लावावं. पत्र मराठीत होतं, पण तो एक शब्द इंग्रजीत लिहायचा, असा तिचा आग्रह. म्हणजे कुठला शब्द, यात घोळ नको. आणि तो दुसऱ्या कुणाला लिहू द्यायचा नाही. कहकशांनं जागा सोडली. हलीमाबीनं पेन धरलं आणि तो शब्द स्वतः काढला, एकेक अक्षर वेगळं, वाकडंतिकडं, पण चूक नाही. सही ती उर्दूत करायची. इंग्रजीत तिला एवढा एकच शब्द लिहिता येतो.

पहिल्या पत्राला उत्तर आलं: आपला अर्ज प्राप्त झाला. दुसऱ्याला काही आलं नाही. तिसरं पत्र तिनं जिनच्या मालकालाही पाठवलं, ते परत आलं. तो साहेब बदलून गेला, त्याच्या जागी दुसरा आला, मग तिसरा. मुनीम नोकरी सोडून मुलाकडं पुण्याला गेला. जिन एकदा बंद पडली, विकली गेली, पुन्हा चालू झाली. कहकशां लग्न होऊन दारव्ह्याला गेली, पण माहेरी आली की पत्र लिहून ठेवायची. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, हलीमाबी, आता कायले, कोन वाचते. ती पाकीट चिकटवत राही.

पत्र दरवर्षी डिसेंबरात जातं, रजिस्टर पोस्टानं. मागच्या वर्षी खिडकीवर नवा बाबू होता. त्यानं पाकीट उलटंपालटं करून पत्ता वाचला आणि आपुलकीनं विचारलं, "बाई, काय काम अडलं तुमचं? किती वर्सांपासून चालू हाये?"

हलीमाबी म्हणाली, "तुमी शिक्का मारा."